डब्यातली माती

मी तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी एकाच प्रश्नावर घालवली. वस्तू म्हणजे नक्की काय? तिची माती, की तिचा आकार? प्रश्न माझा नव्हे, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक तत्त्वज्ञाचा. आमच्या घरात त्याला कोणी नावानं ओळखत नसे. बायको त्याला 'तुमचा म्हातारा' म्हणायची. मी पुस्तकातून मान वर काढली नाही, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "तुमचा म्हातारा आज जेवायला आहे का, की तुम्ही एकटेच?" आता म्हातारा कपाटात आहे, मी टेबलाशी आहे आणि विचारणारी नाही.

ती गेली फाल्गुनात. आमचं घर पालीच्या बाजारापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, जांभ्या चिऱ्याचं, चार खोल्यांचं, वडिलांनी बांधलेलं. मुलगा-सून पुण्यात. घरात राहिलो मी.

म्हाताऱ्याचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घाबरू नका, तास घेत नाही. कुठलीही वस्तू दोन गोष्टींनी होते. एक, ती ज्याची झाली ते द्रव्य. म्हणजे पुतळ्याचं ब्राँझ, घराचा चिरा. दुसरा, तिला ती वस्तू बनवतो तो आकार. आकार म्हणजे नुसता बाहेरचा घाट नव्हे. चिऱ्यांचा ढीग घर नसतो, माणसं राहतील अशी त्यांची मांडणी झाली की ते घर. मग यातलं खरं कोण? म्हातारा म्हणतो, वस्तूवरून एकेक गोष्ट सोलून काढा. रंग काढा, लांबी-रुंदी काढा, वजन काढा. शेवटी जे उरेल त्याच्याबद्दल काहीएक बोलता येणार नाही. त्याला 'हे' म्हणून बोटसुद्धा दाखवता येणार नाही. म्हणून नुसतं द्रव्य म्हणजे वस्तूचं सत्त्व नव्हे. मान आकाराचा.

आता कोकणातल्या मुलांना ब्राँझचा पुतळा सांगून काय डोंबल कळणार? मी गणपती सांगायचो. शाडूचा गोळा असतो, चतुर्थीला त्याचा गणपती होतो, विसर्जनाला पुन्हा गोळा होतो. माती तीच. मग पाण्यात गेलं काय? आकार गेला. आणि मागं राहिली ती माती कुणाची? कुणाचीच नाही. 'मातीला ओळख नसते' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि त्याखाली दोन रेघा ओढायचो. खडू मोडेपर्यंत ओढायचो.

लग्नानंतरच्या पहिल्याच विसर्जनाला हा तास मी पऱ्याच्या काठावरसुद्धा घेतला. पऱ्या म्हणजे आमच्या घरामागचा ओढा. वाडीतले सगळे गणपती तिथंच जातात. मी कधी पाण्यात उतरलो नाही. काठावर छत्री धरून उभा राहायचो आणि ज्ञान वाटायचो. त्या दिवशी ही ओल्या पदरानं पाट घेऊन वर आली, माझं बोलणं ऐकलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मग ती माती कुणाची?"

"कुणाचीच नाही," मी म्हटलं.

"असं कसं? सकाळपर्यंत तिच्यापुढं हात जोडले होते ना आपण?"

लोक हसले. मीही हसलो. नवीन नवरी, बोलली काहीतरी. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही आणि मला वाटलं, पटलं हिला.

म्हाताऱ्याचं आणखी एक मत होतं, मुलाला आकार मिळतो बापाकडून आणि द्रव्य आईकडून. आमचा मुलगा झाला तेव्हा मी हे तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती मोरीत लंगोट धूत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं. मग आकाराला म्हणावं, ये आणि दोन लंगोट पिळ." मी पिळले. एवढंच माझं गृहकृत्य.

रत्नागिरीला दवाखान्यात ती गेली तेव्हा मी शेजारी होतो. तिचा हात माझ्या हातात होता आणि मला नेमका म्हातारा आठवावा! तो सांगतो, मेलेल्या माणसाचा हात हा नावापुरताच हात. त्यातलं हातपण गेलेलं असतं. हे मी परीक्षेत चार मार्कांना विचारलेलं आहे. मी तो हात धरून बसून राहिलो. नर्स दोनदा आली आणि परत गेली. म्हाताऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात शिवी हासडली.

पुढचं काय सांगायचं? घरात द्रव्य सगळं जागच्या जागी. तिची विळी, तिचा चष्मा, दाराआडची छत्री, खुंटीवरची पिशवी. आणि घर मात्र नाही. एवढ्यापुरता म्हातारा बरोबर होता म्हणायचा. संध्याकाळी 'पंप बंद करा हो' म्हणून ओरडणारं कोणी नाही, त्यामुळं टाकी आठवड्यात दोनदा ओसंडून अंगणात चिखल. बोलायला माणूस नाही. मी दूधवाल्याशी इतका बोलायला लागलो, की तो हल्ली पिशवी फाटकाला अडकवून घंटा न वाजवता सटकतो. त्याचं तरी काय चुकलं? मला एकटेपणाचा राग यायचा. दुःख परवडलं. दुःख निदान येऊन जातं. हा मेला एकटेपणा खुर्ची ओढून समोरच बसायचा.

तेराव्यानंतर मुलगा-सून चार दिवस राहिले. सुनेनं स्वयंपाकघर आवरायला घेतलं, तसा मीही आगाऊपणा करून मागच्या पडवीतली फळी आवरायला गेलो. तिथं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. उघडला, तर आत मूठ-दोन मूठ कोरडी, करडी माती. कुंडीसाठी ठेवली असेल म्हणून मी तो डबा बाहेर जास्वंदीच्या आळ्यात उलटा केला. डबा चांगला होता, त्यात खिळे भरून ठेवले. आज काहीतरी काम केलं असं वाटून मला त्या दिवशी बरंसुद्धा वाटलं.

आषाढ लागला. आमच्याकडे गणपती दुकानातून निवडून आणत नाहीत. आपला पाट घेऊन गणपतीच्या शाळेत जायचं. मूर्ती घडवायच्या जागेला आम्ही शाळाच म्हणतो. पाटावर सुपारी ठेवायची, नमस्कार करायचा आणि परत यायचं. तुमचा गणपती तुमच्याच पाटावर घडतो. आमच्या घरचं हे काम पहिल्यापासून हिचं. मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी टोपी घालून आणायला तेवढा जायचो.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, यंदा गणपती इकडेच बसवू. तुम्ही एकट्यानं कुठं करत बसणार?"

"मी मेलो नाही अजून," मी म्हटलं.

"तसं नव्हे हो बाबा..."

"पाट उद्या जाईल," म्हणून मी फोन ठेवला. माझा तापटपणा त्याला ठाऊक आहे, त्यानं मनाला लावून घेतलं नाही. पण मला भीती वाटत होती, ती खरी होती. यंदा पाट गेला नाही तर या घरात पुन्हा गणपती येणार नाही. आणि तो यायचा बंद झाला, की तिनं या घरात चालू ठेवलेलं शेवटचं काम संपलं. मग ती खरोखरच गेली. मला ते होऊ द्यायचं नव्हतं, बस्स.

पाट धुतला, पुसला, पिशवीत घालून भर पावसात पालीला गेलो. मूर्तिकार माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. त्याच्या वडिलांपासून आमचा पाट त्याच शाळेत. गुडघाभर उंचीचे वीसेक गणपती रंगाशिवाय बसले होते आणि हा मधोमध, कोपरापर्यंत मातीत. मला पाहून उठला. ही गेल्याचं त्याला कळलं होतं. तो हिला वहिनी म्हणायचा. थोडं बोलला, मग पाट हातात घेऊन म्हणाला, "पाट आणलाव सर. आणि माती?"

"कसली माती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "वहिनींची. डबा द्यायच्या ना दरवर्षी पाटासंगती."

मग त्यानं सांगितलं ते असं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही पऱ्यावर जायची. तळाशी बसलेली आमच्या गणपतीची माती मूठभर काढायची, पडवीत सुकवायची आणि डब्यात भरून ठेवायची. पुढच्या आषाढात ती माती इथं यायची. नव्या शाडूत तो ती मळायचा आणि आमच्या गणपतीच्या पोटाला लावायचा. सरलं वर्ष की पुन्हा पऱ्या, पुन्हा मूठ.

"किती वर्षं चाललंय हे?"

"लग्न होऊन आल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. तवा माझे बाबा बसायचे हितं."

"मला कधी बोलली नाही ती."

तो जरासा हसला. "माझ्याकडं बोलल्या होत्या. म्हणाल्या, सरांना सांगू नका. ते त्यावर तास घेतील."

मलाही हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं. कारण तोपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तो बिस्किटांचा डबा आला होता.

"विसरलो मी," मी खोटं बोललो. "उद्या आणून देतो."

घरी आलो तो तडक जास्वंदीशी. खुरपं घेतलं आणि आळं उकरलं. आळ्यात लाल माती आणि गांडुळं. चार महिन्यांत पावसानं आणि माझ्या टाकीच्या ओसंडलेल्या पाण्यानं सगळं धुऊन नेलं होतं. करडा म्हणून कण दिसेना. मी उकरतच राहिलो, मुळं उघडी पडली तरी. तिनं एवढी वर्षं जपलेली मूठ मी एका सकाळी उलटी केली होती, आणि वर खिळे भरले होते! मी तिथंच चिखलात बसलो आणि रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, तेराव्यालाही नाही. ते सगळं त्या आळ्यात रडून घेतलं. शेजारच्या घरातली माणसं मजुरीला गेली होती म्हणून बरं.

मग डोकं चालायला लागलं. डोकं ही माझी जुनी खोड. मी स्वतःला समजावलं, अरे, तीस वर्षं काय शिकवलंस? मातीला ओळख नसते. ही माती काय आणि ती माती काय, गणपती झाला की झालं! शेजारच्या मळ्याच्या बांधावरून चिकणमाती आणली. पावसात सुकणार कुठं? गॅसवर तवा ठेवला आणि भाजली. होय, प्राध्यापक माणूस तव्यावर माती भाजत होता. ही असती तर हसून लोळली असती. डब्यातले खिळे टेबलावर ओतले, माती भरली, झाकण दाबून बसवलं.

दुसऱ्या दिवशी डबा मूर्तिकाराच्या हातात दिला. त्यानं झाकण काढलं, चिमूट घेतली, अंगठ्यानं बोटावर चोळली. आणखी एकदा चोळली.

"सर, ही आपली नव्हे."

"कशावरून?" मी विचारलं. तोंडी परीक्षेला विचारायचो, त्याच आवाजात. सवय जात नाही.

"ही शेतातली हाय. हिला कोणी कधी मळलेली नाही. वहिनींची माती हाताला लोण्यासारखी लागायची, इतक्या वर्षांची मळलेली. आणि तीत पिवळे कण असायचे, पितांबराच्या रंगाचे." त्यानं चिमूट परत डब्यात टाकली. "काय झालं, सर?"

कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखी माझी मान खाली गेली. सगळं सांगितलं. फळी, डबा, जास्वंद, खिळे, तवासुद्धा. सांगून संपल्यावर त्यानं माझी भाजलेली माती दाराबाहेर ओतून टाकली आणि डबा उजेडाकडे धरून आत बघितलं.

"डबा धुतलाव?"

मी जन्मात इतकं घाबरून उत्तर दिलेलं नाही. हिनं मला कायम बोल लावला होता, एक भांडं विसळायचं माहीत नाही या माणसाला. "नाही," मी म्हटलं. "तसेच खिळे भरले."

"मग बघा."

मी वाकून बघितलं. डब्याच्या तळाला, पत्रा दुमडतो त्या कडेला, करडी रेघ होती. वर माझ्या मातीचा लाल धुरळा बसलेला, आणि खाली ती. त्यानं कोरड्या फडक्यानं धुरळा अलगद पुसून घेतला, लोटीभर पाणी डब्यात ओतलं, झाकण लावलं, हलवलं आणि बाजूला ठेवून दिलं. आम्ही चहा घेतला. काय बोललो ते आठवत नाही. मी सारखा डब्याकडं बघत होतो. मग त्यानं झाकण काढलं. पाणी करडं झालं होतं. वर एक पिवळा कण तरंगत होता, मोहरीएवढाही नसेल.

शाडूचा नवा गोळा आमच्या पाटाशेजारी होता. त्यात त्यानं मुठीनं खड्डा केला. "ओता, सर. तुम्हीच ओता."

मी ओतलं. थोडं बाजूलाही सांडलं.

"आता हात घाला."

"मला येत नाही."

"मळायला काय येयाचं असतं? दाबा."

मी दाबलं. या हातानं खडूपलीकडे काही धरलेलं नव्हतं. माती गार होती, बोटांच्या मधून वर येत होती. म्हातारा म्हणतो, द्रव्याबद्दल काही बोलता येत नाही. त्याला बोट दाखवता येत नाही. मला त्या क्षणी कॉलेजातली सगळी जुनी मुलं एकदा परत वर्गात बोलवावीशी वाटली, आणि फळ्यावरच्या त्या दोन रेघा त्यांच्यादेखत पुसाव्याशा वाटल्या. तिनं हे मला एका वाक्यात विचारलं होतं, पऱ्याच्या काठावर. मी उत्तर देऊन मोकळा झालो आणि ती आयुष्यभर त्यावर काम करत राहिली. मला एकदा सांगितलं असतं तर? तर मी तास घेतला असता. तिचं बरोबर होतं, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

चतुर्थीला मुलगा-सून आले. दीड दिवसाचा गणपती, मोदक सुनेनं केले, आरतीला वाडी जमली. विसर्जनाला मुलगा पाण्यात उतरला. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "काय मास्तर, यंदा ते माती नि आकाराचं सांगणार नाही?" मी म्हटलं, "नाही." दोघांना दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं, ती त्याच संध्याकाळी पुण्याला निघाली. जाताना सुनेला मी डब्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, ती माती जास्वंदीत गेली ना? आणि जास्वंदीची फुलं तुम्ही आज गणपतीला वाहिलीत. म्हणजे पोचलीच की!" गुणी पोर आहे. मी मान हलवली. पण ती समजूत होती, आणि समजूत मला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन मी एकटा पऱ्यावर गेलो. लेंगा वर खोचला आणि पाण्यात उतरलो, जन्मात पहिल्यांदा. पाणी गुडघ्याच्या वर आलं. तळाशी पाय रुतला तो करड्या, मऊ मातीत. आणि मी तिथंच थबकलो. वाडीतले सगळे दीड दिवसांचे गणपती काल तिथंच गेले होते. सगळ्यांची माती एक झालेली. त्यातली आपली कुठली? ही ती कशी ओळखायची? मूर्ती कुठल्या दगडाशी सोडायची, सकाळी कुठं हात घालायची? इतकी वर्षं ती हे करत होती आणि मी अंथरुणात चहाची वाट बघत होतो. आता विचारू कुणाला?

"कुठली गं आपली?" मी मोठ्यानं विचारलं. पाण्याचा आवाज येत राहिला. मग वाकून, जिथं पाय होता तिथलीच एक मूठ काढली.

पाऊस होता, सुकायला तीन दिवस लागले. पडवीत वर्तमानपत्रावर पसरली, ढेकळं बोटांनी फोडली. पिवळं काही दिसतं का म्हणून चष्मा लावून शोधलं. दोन कण सापडले. ते आमचे असतील किंवा शेजाऱ्यांचे. डब्यात भरली, झाकण लावलं, डबा फळीवर त्याच्या जागी ठेवला. मग परत खाली काढला, वहीचा कागद फाडला, मोठ्या अक्षरात 'ही माती टाकू नये' असं लिहिलं आणि डब्यावर चिकटवलं. जरा मागं सरकून वाचून बघितलं. या घरात आता ते वाचणारा मी एकटाच आहे, आणि टाकणाराही मीच होतो.